उष्टा विडा आणि कागदी कप: शिवाजी पेठेतील एका बैठकीच्या लावणीविषयी

गेल्या महिन्यात कोल्हापुरात शिवाजी पेठेतील एका जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात बैठकीच्या लावणीचा तीन तासांचा कार्यक्रम मी पाहिला. तिकीट ६०० रुपयांचे होते, सुमारे ९० माणसांची बसण्याची सोय होती आणि तिकिटावर ‘१८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी’ असे ठळक छापलेले होते. कार्यक्रम सादर करणारी पार्टी संगीत बारीतली होती. पार्टीच्या मालकीणबाईंनी आपले किंवा मुलींचे नाव कुठेही छापू नये अशी विनंती केली, कारण त्यांच्यापैकी दोघींची मुले गावाकडे शाळेत शिकतात आणि आईचे नाव निघाले की वर्गात त्यांना नको ते ऐकून घ्यावे लागते. ती विनंती मी पाळते आहे. आयोजकांविषयी एक तक्रार पुढे मांडायची आहे, म्हणून त्यांचेही नाव देत नाही. कार्यक्रम पाहून आल्यापासून आमच्या गल्लीतील तीन-चार बायकांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘घरच्या बाईने जाण्यासारखे आहे का?’ आणि त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे मला जमले नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कार्यक्रमाचे स्वरूप सांगते, कारण लावणी म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चौकातला मंच, कानठळ्या बसवणारे ध्वनिवर्धक आणि शिट्ट्या एवढेच येते. ढोलकी फडाचा तमाशा ही वेगळी गोष्ट आहे. त्यात गण, गौळण, विनोदी संवादांची बतावणी आणि शेवटी वग म्हणजे नाट्य असते, सोंगाड्या असतो, तंबू असतो आणि गावोगावची गर्दी असते. संगीत बारीत वग नसतो. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात आणि त्या आपापली ‘बारी’ आली की गाणे व नाच सादर करतात. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब ही त्यांची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. बैठकीची लावणी हा या परंपरेचा सर्वांत आतला गाभा आहे. गाणारी बाई प्रेक्षकांसमोर बसते, स्वतः गाते आणि बसल्या जागी डोळे, भुवया, मान, खांदे आणि बोटे यांच्या साहाय्याने ओळीतला अर्थ उलगडून दाखवते. याला अदा म्हणतात. साथीला पेटी आणि तबला असतो, चाल अनेकदा ठुमरीच्या वळणाने जाते. २०१२ साली पद्मश्री मिळालेल्या यमुनाबाई वाईकर यांनी ही कला अखेरपर्यंत जपली, आणि २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा एका बसल्या जागेवरून संपूर्ण दिवाणखाना ताब्यात ठेवणाऱ्या गायिकांच्या पिढीतला मोठा दुवा तुटला. ही कला पाच-सहा हातांच्या पलीकडे नीट पोहोचतच नाही, त्यामुळे मोठे नाट्यगृह तिच्या कामाचे नाही. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाल्यापासून कोल्हापुरात कार्यक्रमांना जागा मिळत नाही अशी सर्वांचीच ओरड आहे, पण या कार्यक्रमाला वाड्याचा दिवाणखानाच योग्य होता, आणि तो निवडल्याबद्दल आयोजकांचे कौतुक केले पाहिजे.

मी अर्धा तास आधी पोहोचले होते. जिन्याखालच्या खोलीत कलावंतांची तयारी चालली होती आणि मालकीणबाईंनी मला आत बोलावून बसायला सतरंजी दिली. एका मुलीने पितळी ताटलीत ठेवलेल्या चाळांवर, म्हणजे पायात बांधायच्या घुंगरांवर, हळद-कुंकू वाहिले, ताटली कपाळाला लावली आणि मग पाय पुढे घेतला. आधी घोट्यावर जुन्या साडीच्या कापडाची पट्टी गुंडाळली, त्यावर दोरीत ओवलेले घुंगरू वेढ्यावर वेढा देत पोटरीपर्यंत चढवत नेले आणि शेवटच्या गाठीच्या वेळी दोरीचे एक टोक दातांत धरून दुसरे हाताने आवळले. तिच्या घोट्याची कातडी टाचेसारखी काळी आणि निबर झालेली होती. त्या क्षणी वाढप्याचे काम करणारा एक मुलगा खुर्च्या घेऊन खोलीतून जाताना तिच्या पायाला ओझरता लागला. मालकीणबाईंनी त्याला थांबवले आणि शांतपणे म्हणाल्या, “पोरा, चाळाला हात लावून पाया पड आणि मग जा. पायात चाळ चढले की आमचं सोवळं सुरू झालं.” मुलगा पाया पडून गेला. ज्या स्त्रियांना आपल्याकडे कित्येक घरांत उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, त्यांच्या तोंडी ‘सोवळे’ हा शब्द इतक्या सहजपणे आलेला पाहून मी चमकले, आणि पुढचे तीन तास तो शब्द माझ्या मनातून गेला नाही.

कार्यक्रमाची सुरुवात गणाने झाली, त्यानंतर एक गौळण झाली. गौळणीविषयी थोडेसे सांगायला हवे. एकनाथांनीही गौळणी लिहिल्या आणि कीर्तनात त्या आजही म्हटल्या जातात. मथुरेच्या बाजाराला निघालेली गौळण, वाट अडवणारा कृष्ण आणि डोक्यावरचा दह्याचा माठ हे सगळे तिथेही तेच असते. कीर्तनातला श्रोता हात जोडतो आणि बैठकीतला श्रोता मान डोलावतो, पण या दोघांच्या मधे कुठे रेघ ओढायची हे मला त्या रात्री सांगता आले नसते, कारण गाणाऱ्या मुलीने ‘सोड वाट’ या भावाची जी विनवणी डोळ्यांनी केली, तिच्यात नाराजी, लाज, ओढ आणि भक्ती इतकी एकजीव झाली होती की त्यांतले एक काढून बाजूला ठेवणे शक्य नव्हते.

कार्यक्रमाचा कळस मात्र पुढे होता. मालकीणबाईंची धाकटी बहीण, वय पंचेचाळीसच्या आसपास, जांभळी नऊवारी, अंगभर पदर, कपाळावर मोठे कुंकू, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन गादीवर बसली. तिने एक जुनी पारंपरिक लावणी घेतली. रात्री येणार म्हणून सांगून गेलेल्या माणसासाठी एक स्त्री विडा लावत बसली आहे, एवढाच तिचा विषय. ध्रुवपदाची एकच ओळ तिने अकरा वेळा म्हटली, आणि मी मुद्दाम मोजत होते. पहिल्यांदा तिने पान उचलून पदराच्या काठाला पुसले. दुसऱ्यांदा नखाने देठ खुडला. पुढे करंगळीने चुना लावला आणि जास्त झालेला चुना अंगठ्याने हलकेच निपटून काढला, मग काताचे बोट फिरवले, मग अडकित्त्यात सुपारी धरली, आणि सुपारी फुटताना खांद्याला जो बारीक झटका बसतो तो नेमका तबल्याच्या ठोक्यावर दिला. विडा मुडपून त्यात लवंग टोचली. त्यानंतर दोन वेळा तीच ओळ म्हणताना ती फक्त दाराकडे पाहत राहिली. कोणी आले नाही. मग तिने विडा पुढे केला, तो माझ्या शेजारी बसलेल्या बाईंकडे. या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, वयाने साठीच्या पुढच्या, आणि त्यांनी खरोखरच हात पुढे केला. त्याच क्षणी गायिकेने विडा मागे घेतला, अर्धा दातांनी तोडला, उरलेल्या अर्ध्याकडे क्षणभर पाहिले आणि तो पुन्हा पुढे धरला. तिच्या हातात काहीही नव्हते. पान नव्हते, चुना नव्हता, अडकित्ता नव्हता. तरी माझ्या शेजारच्या बाईंचा हात हवेत तसाच राहिला आणि त्यांनी तो हळूहळू मांडीवर घेतला. दिवाणखान्यात तबल्याच्या ठेक्याशिवाय आवाज नव्हता.

या एका अदेत जे घडले ते समजून घ्यायचे तर ‘उष्टे’ या शब्दाकडे जावे लागते. आपल्या घरांत उष्ट्याचा विटाळ केवढा असतो हे वेगळे सांगायला नको. नैवेद्याचे ताट देवापुढे जाईपर्यंत त्याचा वासही घ्यायचा नाही, उष्ट्या ताटाला हात लागला तर हात धुवायचा, आणि पाण्याचा तांब्या तोंड न लावता वरूनच प्यायचा. परंतु हाच विटाळ जिवाभावाच्या प्रत्येक नात्यात आपण विधिपूर्वक मोडतो. बाळाला पहिला घास भरवण्याच्या संस्काराचे नावच उष्टावण आहे. लग्नात नवऱ्यामुलाला लावून उरलेली हळद नवरीला लागते आणि तिला आपण उष्टी हळद म्हणतो. विडा तोडण्याच्या खेळात एकाच्या दातांतला विडा दुसऱ्याने दातांनी तोडायचा असतो आणि भोवती उभे असलेले सगळे वडीलधारे कौतुकाने पाहत असतात. जवळीक झाली की नाही, हे आपली संस्कृती उष्ट्यावरून ओळखते. पावित्र्याचा नियम जिथे आपल्या मर्जीने सोडला जातो, तिथे माणूस आपले झालेले असते.

पण घरात हे उष्टे कोणाकडून कोणाकडे जाते, हे मी त्या रात्री प्रथमच नीट पाहिले. उष्टी हळद नवऱ्याकडून नवरीकडे जाते. आमच्या आजीने सारे आयुष्य आजोबा उठल्यावर त्यांच्याच ताटात वाढून घेऊन जेवण केले आणि ते पुण्याचे मानले गेले. उलट दिशेने कधी काही गेले असेल तर ते दार लावल्यावर, कोणी न पाहता. बैठकीत बसलेल्या त्या बाईने चारचौघांत विडा आधी स्वतः तोडला आणि मग पुढे केला. मागणी तिची होती, चव आधी तिने घेतली आणि द्यायचे की नाही हेही तिनेच ठरवले. लावणीतल्या निषिद्धाची खरी जागा मला तिथे सापडली. तिच्या अंगावरची नऊवारी आपल्यापैकी कोणाच्याही लुगड्याइतकीच झाकणारी होती. दंडावरचा पदर तीन तासांत एकदाही ढळला नाही. दिवंगत सुलोचना चव्हाण, ज्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्या तर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हातवारे न करता, निव्वळ आवाजात लावणी गात आणि तरीही त्यांची लावणी प्रौढांचीच राहत असे. अंग किती दिसते याच्याशी या कलेच्या धिटाईचा काहीही संबंध नाही. स्त्रीने इच्छेचा उच्चार पहिल्याने करावा, तोही ताल धरून, आणि पुरुषाने तो ऐकत बसावा, यात ती धिटाई आहे.

हे लिहिताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्या इच्छेचे शब्द बहुतेक वेळा पुरुषांनी लिहिलेले आहेत. पेशवाईच्या उत्तरकाळातले राम जोशी सोलापूरच्या ब्राह्मण घरातले, होनाजी गवळी, त्यांचे जोडीदार बाळा शिंपी, सगनभाऊ मुसलमान शिकलगार. इतक्या वेगवेगळ्या जातींची माणसे एकाच रचनाप्रकारात एकत्र आली, हा त्या काळाच्या मानाने मोठाच विटाळ होता. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी तर घरचे कुळकर्णीपण सोडले, महार समाजातल्या पवळा हिवरगावकर यांच्या साथीने फड उभा केला आणि पठ्ठे बापूराव या नावाने ते अजरामर झाले. ब्राह्मणाने तमाशात जावे यावर त्या काळी जेवढा गहजब झाला, त्याच्या निम्माही विचार पवळाबाईंना त्या फडाची काय किंमत द्यावी लागली याचा झाला नाही. आजही पठ्ठे बापूरावांच्या नावाने कार्यक्रम होतात आणि पवळाबाईंचे नाव त्यांच्या पाठोपाठ येते. आपल्या कोल्हापूरचे जगदीश खेबूडकर पेशाने शिक्षक होते, त्यांनी चित्रपटांसाठी एकाहून एक शृंगारिक लावण्या लिहिल्या आणि त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही, तो होऊही नये. त्याच कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी पडद्यावर तमाशातला बायकी हावभावांचा नाच्या इतका हुबेहूब उभा केला की त्या भूमिकेचा शिक्का त्यांना जन्मभर पुसता आला नाही. लिहिणाऱ्याला विटाळ लागत नाही आणि अंगाने दाखवणाऱ्याला तो लागतो, मग तो पुरुष असला तरी. बैठकीच्या लावणीत गाणारी आणि दाखवणारी एकच असते, म्हणून सगळा विटाळ तिच्याच वाट्याला येतो.

मध्यंतराच्या थोडे आधी एक प्रसंग घडला. कार्यक्रमाला येताना सर्वांचे मोबाइल कापडी पिशवीत घालून दाराशी ठेवून घेतले होते, ही व्यवस्था उत्तम होती. तरी दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दुसरा मोबाइल खिशात ठेवलेला होता आणि त्यांनी गुडघ्याआडून चित्रीकरण सुरू केले. गायिकेने ओळ अर्ध्यावर सोडली. पेटी थांबली, तबला थांबला. मालकीणबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “पाहुणं, हे तुमच्यासाठी गातोय, त्याच्यासाठी न्हाई. ते ठेवा, मग पुढं म्हणू.” आवाजात राग नव्हता आणि अजीजीही नव्हती. गृहस्थांनी मोबाइल मांडीखाली घातला, मग उठून तो दाराशी देऊन आले, आणि ओळ जिथे सुटली होती तिथूनच पुढे सुरू झाली.

मी या प्रसंगावर नंतर बराच विचार केला. आज प्रौढांसाठीचे मनोरंजन बहुतेक सगळे त्या मांडीखालच्या यंत्रातूनच येते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून २५ ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले, आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्याच्या सरकारने तमाशावर घातलेल्या बंदीची मला आठवण झाली. ती बंदी पुढे उठली खरी, पण वगाची संहिता आधी लिहून तपासून घेण्याची अट मागे ठेवून गेली, आणि जिथल्या तिथे सुचणाऱ्या बतावणीचा त्यात फार तोटा झाला. बंदी योग्य की अयोग्य हा वाद मी इथे घालत नाही. मला एवढेच जाणवले की मोबाइलवर पाहणाऱ्याला कोणी पाहत नसते. तो एकटा असतो, समोरची स्त्री त्याला ओळखत नाही, ती नको म्हणू शकत नाही, आणि तिने गाणे मधेच थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. बैठकीत तुम्ही तिच्याकडे पाहता तेवढ्याच वेळा ती तुमच्याकडे पाहते. नजर खाली घालण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली, आणि लाज वाटण्यातही एक सुख असते हे मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळले.

दौलतजादाची, म्हणजे प्रेक्षकांनी कलावंताला बक्षिशी देण्याची, पद्धत आयोजकांनी बदलली होती आणि तो बदल मला पूर्णपणे पटला. पूर्वी प्रेक्षकाने नोट पुढे करायची, नाचणारीने ती घ्यायला जवळ यायचे आणि त्या दोन-चार क्षणांत हात धरून ठेवण्यापासून नको त्या बोलण्यापर्यंत सगळे व्हायचे, असे मालकीणबाईंनी सांगितले. इथे गादीच्या कडेला पितळी तबक ठेवले होते. ज्याला द्यायचे त्याने तबकात ठेवायचे, हातात द्यायचे नाही. डान्सबारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये नर्तिकेला बक्षिशी देण्याची मुभा ठेवली आणि नोटा उधळण्यास मात्र मनाई केली, त्यामागचा विचारही याच्या जवळ जाणारा आहे. रात्री निघण्यापूर्वी तबकातली रक्कम सर्वांसमोर मोजून पार्टीच्या हवाली केली, त्यातून आयोजकांनी काहीही घेतले नाही. हे मी स्वतः पाहिले आहे.

आता उणिवा. उत्तरार्धात उभ्याच्या लावण्या होत्या आणि त्यातल्या चारपैकी तीन ध्वनिमुद्रित संगीतावर झाल्या. पेटीवाले आणि तबलजी बाजूला हात बांधून बसलेले असताना मुलींनी यंत्रातल्या आवाजावर ओठ हलवावेत, हे पाहवत नव्हते. चाळांचा आवाजही त्या ध्वनीत बुडून गेला. ‘तरुण प्रेक्षकांना हेच लागते’ असे मला सांगण्यात आले, पण पूर्वार्धात सर्वांत शांत बसलेले प्रेक्षक विशीतलेच होते. दुसरी उणीव निवेदनाची. निवेदक दर लावणीआधी उठून ‘यात अश्लील काहीही नाही’, ‘ही घरंदाज कला आहे’, ‘माता-भगिनींनी निर्धास्त राहावे’ अशी ग्वाही देत होते. तिकिटावर वयाची अट छापून आम्हाला प्रौढ म्हणून आत घेतल्यावर ही दिलगिरी कोणासाठी होती? मागे बसून चाळ सावरणाऱ्या मुलीला ती प्रत्येक वेळी ऐकावी लागत होती. शृंगार हा शृंगार म्हणून सांगावा. त्याला गंगेत बुडवून आणायची गरज नाही.

तिसरी गोष्ट उणीव या शब्दात बसत नाही. मध्यंतरात प्रेक्षकांना चहा कपबशीतून दिला गेला. चहा चांगला होता, गवती चहा आणि आले घातलेला. तोच चहा घेऊन एक वाढपी जिन्याखालच्या खोलीकडे गेला तेव्हा ट्रेमध्ये कागदी कप होते. मी त्याला कारण विचारले. त्याने सहजपणे सांगितले की कपबशी भाड्याने आणलेली आहे आणि ‘त्यांना वेगळे द्या’ असे वरून सांगितले आहे. ज्या दिवाणखान्यात दहा मिनिटांपूर्वी एका बाईने तोडलेल्या, नसलेल्या विड्यासाठी एका निवृत्त अधिकारी बाईंचा हात पुढे झाला होता, त्याच वाड्यात तिच्या ओठांना लागलेला खरा कप नंतर दुसऱ्या कोणाला चालणार नव्हता. कोल्हापुरात हे व्हावे याचे मला अतोनात दुःख झाले. पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी याच गावात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला लावले आणि स्वतः आपल्या लवाजम्यासह तिथे जाऊन चहा घेतला, ही गोष्ट आपण दर जयंतीला भाषणांत सांगतो. मी माझी कपबशी घेऊन खाली गेले, मालकीणबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि त्यांना त्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “बाई, आमी कागदाच्या कपाला हिरमुसत न्हाई. पर तुमी खाली आलाय, ते ध्यानात ऱ्हाईल.” त्यांची थोरली मुलगी मिरजेला नर्सिंग शिकते. ती या कामात यावी अशी त्यांची इच्छा नाही, आणि आपले गाणे मात्र तिने ऐकावे अशी फार आहे, असे त्यांनी सांगितले.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. पुढच्या तीन रांगांत गाद्या आणि लोड आहेत, मागे खुर्च्या. तिकिटाचा दर एकच असल्याने लवकर जाऊन गादीच धरावी, कारण चौथ्या रांगेपलीकडे डोळ्यांची अदा दिसत नाही आणि मग ६०० रुपये जास्त वाटतील. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधी सांगितल्यास भिंतीलगत खुर्ची मिळते. कार्यक्रम दिलेल्या वेळेवर सुरू झाला आणि साडेनऊला संपला. स्वच्छतागृह एकच आहे, पण स्वच्छ होते. वाहने गल्लीत लावता येत नाहीत, त्यामुळे चालत किंवा रिक्षाने जाणेच सोयीचे.

आणि गल्लीतल्या मैत्रिणींच्या प्रश्नाविषयी. घरच्या बाईने जरूर जावे, आणि शक्य असेल तर नवऱ्याला बरोबर घेऊन शेजारी शेजारी बसावे. लावणी पाहताना कोणती ओळ कोणाला कुठे लागते हे एकमेकांच्या चेहऱ्यावर दिसते, आणि ते घरी येऊन बोलता येते. माझी जाऊ माझ्याबरोबर आली होती. रिक्षात ती बराच वेळ काहीच बोलली नाही, आणि रंकाळा आल्यावर एवढेच म्हणाली, “आक्का, आपण विडा कधी लावलाच न्हाई गं कोणासाठी.”

पुढची बैठक पावसाळ्यानंतर आहे असे कळले. तिची दोन तिकिटे मी आताच सांगून ठेवली आहेत. साथ संपूर्णपणे जिवंत असावी, निवेदन कमी करावे आणि चहा सर्वांना एकाच भांड्यांतून द्यावा, अशा तीन सूचना आयोजकांना लेखी दिल्या आहेत. पहिल्या दोन सूचनांना त्यांनी होकार कळवला आहे. तिसरीचे उत्तर अजून आलेले नाही, म्हणून कपबशीचे बारा जोड मी घरून नेणार आहे.